ना हरकत

माझ्या कपाटात साड्यांच्या खालच्या घडीत गेले कितीतरी महिने एक कागद पडून आहे. त्यावर सही तेवढी व्हायची राहिली आहे, आणि ती सही माझी. बाकी सगळ्यांच्या झाल्या. भाऊजींची झाली, दोन्ही वन्संची झाली. धाकट्या वन्सं तर मुद्दाम येवल्याहून एसटीनं आल्या आणि सही करून, जेवून, संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. मजकूर म्हणाल तर चार ओळींचा. आमच्या कैलासवासी सासऱ्यांच्या नावावर असलेली बाराची दुनळी बंदूक त्यांच्या नातवाच्या, म्हणजे माझ्याच मुलाच्या, नावे होण्यास आमची काही हरकत नाही.

बायकांच्या साप्ताहिकात हा बंदुकीचा विषय कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. पण खरं सांगू का, आमच्या घरात बंदूक हीसुद्धा माझ्याच खात्यातली वस्तू होती. जसं जातं, जसा मोठा तपेला, जशा लग्नातल्या पितळी समया, तशीच तीही.

1981 साली मी प्रवराकाठच्या या घरात सून म्हणून आले, तेव्हा बंदूक घरात येऊन सतरा वर्षं झाली होती. आबांनी 1964 साली परवाना काढला. तेव्हा ऊस वाढायला लागला होता. लोणीचा कारखाना 1950 ला सुरू झाला, भंडारदऱ्याचं पाणी त्याच्याही आधीपासून पाटानं येत होतं, आणि ऊस आला तशी रानडुकरंही आली. डुकरं एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जात. पिकाचं आणि जिवाचं रक्षण, असं कारण लिहून आबांनी परवाना मिळवला. पुण्याहून बंदूक घेऊन आले तेव्हा आत्याबाईंनी म्हणे तिला दारातच ओवाळलं होतं.

खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. पाटावर मधोमध बंदूक. तिच्या एका अंगाला कोयता, विळा, कुऱ्हाड, दुसऱ्या अंगाला माझी विळी, शिवणयंत्राची कात्री. सगळ्यांना सारखंच हळदकुंकू, सारखंच झेंडूचं फूल. आदल्या दिवशी तिला पुसायचं काम माझं. आबा बाजेवर बसून सांगायचे आणि मी फ्लॅनेलचा तुकडा काठीला गुंडाळून नळीतून फिरवायची. तेल म्हणाल तर शिवणयंत्राचंच. कायद्यानं हे चालत नसणार, कारण परवाना ज्याचा त्याच्याच हाताला ती लागायला हवी. पण घरात कायदा उंबऱ्यापर्यंतच येतो. काडतुसांचा पत्र्याचा डबा वेगळ्या कपाटात, डांबराच्या गोळ्या घातलेल्या लोकरीच्या कपड्यांमागे, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात. आत्याबाईंचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी जुडगा माझ्याकडे दिला. त्यात ती किल्लीही आली. मुद्दाम कुणी दिली नाही, मी मागितली नाही.

आता बंदुकीनं काय केलं ते सांगते. आधी तिची बाजू. 1988 च्या उन्हाळ्यात या भागात दरोड्यांचा सुळसुळाट झाला होता. वस्त्यांवरची माणसं गावात झोपायला जायची. आम्ही वस्तीवरच राहायचो. एका रात्री कुत्री वेगळीच भुंकायला लागली. मागच्या दाराची कडी कुणीतरी पारईनं उचकटत होतं. आबा माडीवर गेले आणि खिडकीतून वर आभाळात दोन बार काढले. बस, एवढंच. सकाळी मागच्या अंगणात एक चप्पल सापडली आणि मक्याच्या शेतात पळाल्याच्या खुणा. त्या रात्री माझा मुलगा दीड वर्षाचा होता. मी त्याला छातीशी धरून धान्याच्या खोलीत बसले होते. आवाज झाला तेव्हा मला आधी वाटलं की संपलं. मग कळलं की आपण वाचलो. म्हणून बंदूक वाईट, असं मी सरळ म्हणू शकत नाही. मी वाचले आहे तिच्यामुळे.

मुलाला ही गोष्ट पाठ आहे. तो सहीचा विषय निघाला की हीच सांगतो. आणि त्याला जोड मिळाली आहे माझ्या भाच्याची. भाचा नगरला वकिली करतो. (जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) त्याचं म्हणणं असं की आपल्या लोकांना निःशस्त्र केलं ते इंग्रजांनी, आणि आपल्या सरकारनं तीच रीत पुढे चालवली. 1857 च्या ऑक्टोबरात संगमनेरहून सिन्नरकडं जाताना लागणाऱ्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी नगरच्या पोलीस सुपरिटेंडेंट हेन्रीला ठार केलं. देशभर असं पेटल्यावर सरकारनं गावोगावची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. मग 1878 साली लिटननं हत्यारांचा कायदा केला. त्यात गोऱ्याला मोकळीक आणि आपल्या माणसाला परवाना. काँग्रेस सुरुवातीपासून त्याविरुद्ध ठराव करत होती. अहिंसेचे पुजारी गांधीजी, पण इंग्रजांनी साऱ्या देशाची हत्यारं काढून घेतली याला त्यांनीही काळंकुट्ट पाप म्हटलं होतं. 1931 च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्कसुद्धा होता.

"मग तो हक्क गेला कुठं, मावशी?" भाचा विचारतो. जसा काही मीच माजघरात लपवून ठेवला आहे.

गेला तो घटना समितीत. डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णू कामथांनी तो घटनेत घालायची सूचना मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. हा हक्क सरसकट लिहून दिला तर विचारी माणसाबरोबर चोर-दरोडेखोरही तोच मागतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. हेही मला भाच्यानंच सांगितलं, पण जरा घाईघाईनं. मग 1959 चा शस्त्र कायदा आला आणि परवाना हा हक्क न राहता सरकारची मर्जी झाली. 2019 साली तो आणखी आवळला. आधी माणशी तीन बंदुका ठेवता यायच्या. सरकार एकच म्हणत होतं. राजपूत, कुर्गी अशा घरंदाज बंदूकवाल्यांनी ओरड केली तेव्हा दोनवर तडजोड झाली. कुर्गमधल्या कोडवांना तर परवान्यातून पूर्वापार सूट आहे. आमचे आबा हे ऐकून म्हणाले होते, "आम्ही काय घोडं मारलं?"

सरकारवरचा राग मला कळत नाही असं नाही. आबांचा हयातभराचा अनुभव मी पाहिला आहे. पूर्वी दर तीन वर्षांनी नूतनीकरण, आता पाच. प्रत्येक वेळी चकरा, पोलिसांचा अहवाल, "साहेब दौऱ्यावर आहेत." गावात नवा परवाना कुणाला मिळाला, तर ज्याच्या दारात चार गाड्या त्याला. कोरडवाहू वस्तीवरच्या माणसाला नाही. आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. मुंबई उच्च न्यायालयानं 2009 सालीच सांगितलं आहे की सरसकट सगळ्यांच्या जमा करून घेऊ नका, प्रत्येकाची छाननी करा. पण आमच्याकडं निरोप यायचा तो यायचाच. आबा नव्वदीत पोचले होते, कुणाच्या प्रचाराला जाणार होते का बंदूक घेऊन? तरी 2024 च्या विधानसभेला निरोप आलाच. खंडेनवमीची पूजा नुकतीच झाली होती, नळीवर कुंकू तसंच होतं. भाऊजी जमा करून पावती घेऊन आले. आबांनी पावती दोनदा वाचायला लावली. मतदानाला आठ दिवस असताना आबा गेले. त्यामुळं बंदूक त्यानंतर घरी आलीच नाही.

परवाना माणसाबरोबर जातो. वारसाला हवी तर त्यानं नवा अर्ज करायचा, हत्यार नीट हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडायचा, आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. परवानेदार सत्तरीचा झाला की हयातीतच वारसाच्या नावे करता येते. भाच्यानं आबांना ते सुचवलंही होतं, पण आबा म्हणाले, "मी आहे तोवर ती माझी." माझे मालक 1996 सालीच गेले. त्यांच्या जागी वारस म्हणून मी आणि माझा मुलगा. असा हा कागद माझ्या कपाटात आला.

मुलाला बंदूक हवी आहे ती मिरवायला नाही, हे मी आधीच सांगते. त्याला हवी आहे बिबट्यासाठी. तुम्ही शहरातल्या असाल तर हे वाचून नवल वाटेल, पण आमच्याकडं बिबट्या जंगलात राहत नाही, उसात राहतो. उसातच जन्मतो, उसातच वाढतो. अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तर शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाचेक बिबटे निघाले. तेही शेतात, माणसांच्या मधोमध, आणि त्यांच्या पोटात सगळ्यांत जास्त गेलेली कुत्री. बरीच वर्षं ते असे आपल्या वाटेनं राहिले. पण 2025 च्या नोव्हेंबरात नगरजवळच्या खारेकर्जुन्यात आणि कोपरगाव तालुक्यात लहान मुली गेल्या. शेजारी पुणे जिल्ह्यात पिंपरखेडला तर लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागले. तिथला बिबट्या शेवटी वनखात्याच्या नेमबाजांनी मारला. आमच्या गोठ्यातून दोन शेळ्या गेल्या. नातू दहा वर्षांचा आहे, तो अंधार पडला की परसाकडंही एकटा जात नाही.

तेव्हा आमच्या गावात ग्रामसभा भरली. शेतकऱ्यांना बंदुकीचे परवाने द्या, असा ठराव मांडला गेला. टाळ्या कडकडून पडल्या. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. ठराव वाचून झाल्यावर माझ्या शेजारची म्हातारी उठली. ती रोजानं जाते, तिला बोलायची सवय नाही. म्हणाली, "रातच्याला दारं धरायला जाते मी. एका हातात फावडं, एका हातात बॅटरी. बंदूक कंच्या हातात धरू? आन मला देनार हाय का कुनी?"

लोक हसले. पण मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. शेतीच्या पंपाची वीज पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी आली की माणूस अंधारात उसाच्या सरीत उभा, आणि बिबट्याचीही तीच वेळ. बिबट्यानं नेलेली मुलं बहुतेक कुणाची? मजुरांची, वस्तीवरच्यांची, कोपीत झोपणाऱ्या ऊसतोडणीवाल्यांची. त्यांना परवाना कोण देणार, आणि दिला तर दुनळी कशानं घेणार? परवाने वाटले तर ते बंगल्यांवर जातील. शिवाय बिबट्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी. तो माणसाच्या जिवाला धोका झाला आहे अशी खात्री करून मुख्य वन्यजीव रक्षकानं लेखी परवानगी दिल्याशिवाय त्याला मारता येत नाही. अंगावर आला आणि जीव वाचवताना मेला तर गुन्हा नाही. पण अंगावर आलेल्या बिबट्याला बंदूक खांद्याला लावून मारायला वेळ मिळतो का, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. आणि छर्रे लागून जखमी होऊन उसात शिरला, तर दुसऱ्या दिवशी त्या उसात खुरपायला कोण जाणार? मीच ना?

हे सगळं मी मुलाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आई, मग हातावर हात ठेवून बसू? दिवसा वीज देतो म्हणून किती वर्षं सांगतात?" त्याचंही खरं आहे. माझी भाची टेक्सासला असते. तिथं घटनेतच 1791 पासून हत्यार बाळगायचा हक्क लिहिलेला आहे. 2022 साली तिच्याच राज्यात उवाल्डीच्या शाळेत एका पोरानं एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. तिच्या मुलीला शाळेत दार लावून, दिवे घालवून गप्प बसायची तालीम देतात. हे मी सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "ती अमेरिका आहे, आई. आपल्या घरात तसं कोण आहे?"

इथं मी गप्प बसले. कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं, आणि तेवीस वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं.

2003 चं साल. पावसानं दगा दिला होता, त्यात उसावर लोकरी मावा पडलेला. पानं पांढरीफटक. पाटाला पाणी आलं तर पाळी बारा-पंधरा तासांची, आणि ती चुकली तर उभं पीक गेलं. एका रात्री आमच्या पाळीत वरच्या शेजाऱ्यानं पाट फोडून पाणी आपल्याकडं वळवलं. भाऊजी विचारायला गेले. बाचाबाची झाली, चारचौघांत त्यांना ढकलून पाटात पाडलं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, मुलीचं लग्न ठरलेलं, आणि वर हे. रात्री एकच्या सुमाराला ते चिखलानं भरलेले घरी आले. मी जागीच होते. मला म्हणाले, "वहिनी, कपाटाची किल्ली द्या."

बंदूक त्यांनी आधीच खुंटीवरून काढली होती.

मी म्हणाले, "किल्ली आबांनी मागून घेतली संध्याकाळी." कसं सुचलं ते देव जाणे. किल्ली माझ्या कमरेला होती, पदराखाली. आबा वरच्या खोलीत झोपलेले. त्यांना उठवण्याची कुणाची छाती नव्हती. भाऊजी ओसरीवर जाऊन बसले, बंदूक मांडीवर आडवी. मी आत गेले, कपाट उघडलं, डबा काढला आणि बाजरीच्या कणगीत हात कोपरापर्यंत घालून तळाशी पुरला. मग चूल पेटवली आणि चहा ठेवला. तो त्यांनी घेतला नाही. पहाटे चारला ठेवलेला घेतला. उजाडल्यावर पाटकरी आला, सरपंच आले, भांडण बोलून मिटलं. बंदूक परत खुंटीला गेली. डबा मी आठ दिवसांनी काढला, काडतुसांना बाजरीचा भुसा लागला होता.

त्याच शेजाऱ्यानं 2011 साली आबांना छातीत कळ आली तेव्हा मध्यरात्री आपल्या जीपमधून दवाखान्यात नेलं. आणि याच भाऊजींनी माझ्या मुलाला बापाच्या जागी होऊन वाढवलं. त्याची फी भरली, त्याला ट्रॅक्टर शिकवला, त्याच्या लग्नात मांडवाचा खांब स्वतः रोवला. मुलगा काकांचा शब्द खाली पडू देत नाही. मग मी त्याला काय सांगू? आपल्या घरात तसं कोण आहे, तर तुझा काका? आणि काका तसा नाहीच, हेही तितकंच खरं. एक रात्र तसा होता.

गेल्या महिन्यात भाऊजी सहज आले. आता तेही सत्तरीला टेकले. मुलगा बाहेर गेला होता. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, तो कागद अजून तसाच हाय म्हणं."

मी काही बोलले नाही.

"त्या रातीला काडतुसं कणगीत होती न्हवं?"

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या हाताला कोपरापत्तुर भुसा व्हता. चहा दिला तवा दिसला." थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हनूनच पहिला चहा घेतला न्हाई. राग आल्ता तुमचा."

मी विचारलं, "मग तुम्ही सही का केलीत?"

"न्हाई म्हनलो आसतो तर पोरानं कारन इचारलं आसतं."

जाताना उंबऱ्यावर थांबून एवढं म्हणाले, की तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा, मी मान खाली घालणार नाही. सही करायची का नाही ते मात्र तेही बोलले नाहीत.

कागद अजून साड्यांखालीच आहे. बंदूक ठाण्याच्या कोठारात. आम्ही गोठ्याला जाळी लावली, दोन मोठे दिवे बसवले, आणि दिवसाच्या विजेसाठी बायकांच्या सह्यांचा अर्ज गेला आहे. त्यावर मात्र मी पहिली सही केली. हे साप्ताहिक आमच्याकडं दर आठवड्याला येतं. मुलगा वाचत नाही. सूनबाई वाचते, आधी पाककृती आणि मग बाकीचं, आणि रात्री जेवताना त्याला वाचूनही दाखवते.